बागेचा पत्रव्यवहार : अ‍ॅस्परॅगस नागपुरात होतं का?

मागच्या अंकात हिवाळी भाज्यांवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की काटोल रोडवरच्या आमच्या नर्सरीत अ‍ॅस्परॅगसचा (कोवळे कोंब भाजी म्हणून खातात त्या झाडाचा) एक वाफा आहे आणि फेब्रुवारीत त्याचे कोंब आम्ही घरीच संपवतो. वांगी-टमाट्यांवर मी पानंच्या पानं लिहिली तरी कुणी पोस्टकार्ड टाकत नाही. या एका ओळीवर मात्र इतकी पत्रं आली, की या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न : नणंदेने पुण्याहून ‘मेरी वॉशिंग्टन’ जातीच्या अ‍ॅस्परॅगसच्या बियांचं पाकीट पाठवलं आहे. गच्चीवर जागा आहे. कधी आणि कसं पेरू? याच हिवाळ्यात खायला मिळेल का? (एक वाचक, धरमपेठ)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, ताई. या हिवाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडाचे कोंब तिसऱ्या वर्षी चवीपुरते काढायचे आणि चौथ्या वर्षापासून भाजीपुरते. एवढी वाट बघायला लावणारं हे झाड एकदा रुजलं की १५ वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त काळ त्याच जागी येत राहतं. त्यामुळे जागा विचार करून ठरवा. घर भाड्याचं असेल तर पिशवीतच लावा, म्हणजे सामानाबरोबर नेता येईल.

पेरायचं ऑक्टोबरमध्ये. पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून पडायची असते. बी काळं आणि टणक असतं, ते एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा. छोट्या पिशव्यांमध्ये कन्हान नदीची रेती, जुनं शेणखत आणि थोडी माती असं भुसभुशीत मिश्रण भरा आणि बी एक-दीड सेंटीमीटर खोल टाका. माती २४ ते २९ अंशांच्या आसपास असली तर दोन-तीन आठवड्यांत उगवतं. डिसेंबरच्या गारठ्यात पेरलंत तर महिनाभरही काही दिसत नाही, आणि तेवढ्यात लोक पिशवी उलटी करून मोकळे होतात.

उगवताना काय दिसतं ते नीट सांगते, कारण इथेच घोटाळा होतो. मिरची किंवा टमाट्यासारखी दोन दलं वर येत नाहीत. येतो एक हिरवा दोरा, टोकाशी किंचित वाकलेला. चार-आठ दिवसांत त्याला केसाएवढ्या बारीक फांद्या फुटतात. आपण ज्यांना पानं समजतो त्याच या फांद्या. खरी पानं म्हणजे कोंबाला चिकटलेले ते त्रिकोणी खवले. आमच्याकडे निंदणाला ज्या बाया येतात त्यांना मी आधी हा दोरा दाखवून ठेवते, नाहीतर गवत म्हणून तो पहिल्यांदा उपटला जातो.

रोपं वीतभर झाली की प्रत्येकाला स्वतंत्र मोठी पिशवी द्या, निदान १८ इंच खोल. उन्हाळ्यात मात्र गच्चीवर जपावं लागेल. जमिनीतलं झाड मे महिन्यातले ४५ अंश सोसून नेतं, कारण मुळं खाली थंड असतात. स्लॅबवरच्या पिशवीची माती चारही बाजूंनी तापते. पिशवी पांढरी घ्या, खाली विटा लावा, भोवती गोणपाट गुंडाळा आणि वर हिरवी नेट बांधा. नेट पावसाळ्यात काढून टाका. या झाडाला पूर्ण ऊन लागतं.

प्रश्न : काटोल तालुक्यात पाच एकर संत्रा आहे. नव्या लावलेल्या संत्र्यात आंतरपीक म्हणून अर्धा एकर अ‍ॅस्परॅगस लावायचं डोक्यात आहे. मॉलमधला भाव पाहिला. जमीन काळी, भारी. लावू का? (एक शेतकरी वाचक)

भाऊ, संत्र्यात लावू नका. वेगळ्या तुकड्यात लावायचं असेल तर बोलू.

कारण असं की अ‍ॅस्परॅगस १५ वर्षं जागा सोडत नाही. आज तुमची झाडं लहान आहेत, ओळींत ऊन भरपूर आहे. पाच-सहा वर्षांत संत्रा पसरेल आणि अ‍ॅस्परॅगस नेमकं भरात येण्याच्या वेळी सावलीत जाईल. शिवाय त्याची मुळं मातीत आडवी दूरवर पसरतात, त्यामुळे ओळींमध्ये तुमची वखरणी, डवरणी अशी सगळी मशागत बंद. सोयाबीन किंवा हरभऱ्यासारखं हंगामाला काढून टाकायचं हे पीक नव्हे.

आता जमीन. अ‍ॅस्परॅगसला सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात मानवतो आणि थोडी चुनखडी त्याला चालते, आंबट जमीन चालत नाही. म्हणजे सामूच्या बाजूने आपली काळी माती तशी वाईट नाही. भीती आहे ती पाण्याची. नागपूर भागात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. भारी काळ्या जमिनीत तो जिरत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस चिखल राहतो. या झाडाची मुळं जाड, रसाळ असतात आणि पुढच्या हंगामाचं सगळं अन्न त्यांच्यातच साठवलेलं असतं. ती पाण्यात राहिली की आधी गुदमरतात, मग फ्युजेरियम आणि फायटोफ्थोरा या बुरशा आपलं काम करतात. संत्र्याचा डिंक्या रोग ज्याने पाहिला आहे त्याला फायटोफ्थोरा म्हणजे काय हे मी शिकवायला नको. वर वाळलेलं झाड धरून ओढलं की विनासायास हातात येतं आणि खाली मुळांच्या जागी पोकळ, तांबूस सालपटं उरलेली असतात. लोक म्हणतात, नागपूरच्या उन्हाने मेलं. ऊन बिचारं निर्दोष असतं, झाड ऑगस्टमध्येच गेलेलं असतं.

म्हणून तुकडा निवडा तो मुरमाड, उताराचा. भारीच जमीन असेल तर गादीवाफे निदान दीड फूट उंच करा, त्यात मुरूम, रेती आणि शेणखत सढळ हाताने मिसळा आणि वाफ्यांमधल्या चरांचं पाणी शेताबाहेर निघतं का ते पहिल्या मोठ्या पावसात उभं राहून बघा. लागवड त्यानंतर ऑक्टोबरमध्ये, वर्षभराच्या रोपांची. वाफ्यावर वीतभर खोल चर काढायचा, तळाशी मातीचा छोटा उंचवटा करून मुळं दोन्ही अंगांना पसरवायची आणि सुरुवातीला दोन बोटंच माती टाकायची. कोंब वर येत जातील तसतसा चर भरत न्यायचा. ओळींत दीड मीटर, झाडांत ४५ सेंटीमीटर.

यापुढचा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमेल. थंड देशांत हे झाड हिवाळ्यात आपोआप झोपतं आणि वसंतात साठवलेल्या ताकदीवर कोंब फेकतं. आपल्याकडे पारा काही दिवस दहा-बारा अंशांवर येतो, तेवढ्याने झाड अर्धवट पेंगतं, झोपत नाही. पेरू देशाच्या किनारी वाळवंटात तर थंडीच नाही, तरी तो देश अ‍ॅस्परॅगस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. तिथे करतात काय, तर पाणी तोडतात. हाच आपला ताण! आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलांसाठी, तुम्ही डिसेंबरात संत्र्याचं पाणी बंद करता, तसंच इथे करायचं. बारीक फांद्यांचा हिरवा पिसारा पिवळा पडत जातो आणि त्यातलं अन्न खाली मुळांत उतरतं. जानेवारीच्या अखेरीस तो पिसारा जमिनीलगत कापून शेताबाहेर न्यायचा, कुजलेलं शेणखत द्यायचं आणि पाणी सोडायचं. फेब्रुवारीत कोंब सुरू होतात. संत्र्याच्या आणि याच्या ताणाचा काळ एकच असल्याने तुमच्या ठिबकच्या वेळापत्रकाचा गोंधळ होत नाही.

थायलंड-तैवानकडे दुसरी रीत आहे. प्रत्येक झाडावर तीन ते पाच दांडे तसेच वाढू द्यायचे, ते मुळांना पोसतात, आणि बाकीचे कोंब कापत राहायचं. दांडे जुने झाले की नव्यांना वाढू द्यायचं. यात तोडणी वर्षात जास्त दिवस चालते. तरी मी पहिलीच रीत सांगेन. आपल्या एप्रिल-मेमध्ये कोंब चार बोटं वर आला नाही तोच त्याचं टोक फुलारतं, असा माल विकायचा कुणाला?

भावाचं म्हणाल, तर मॉलच्या काचेतला भाव आणि बांधावरचा भाव यांच्यामध्ये प्रतवारी, बर्फ, गाडी आणि फेकलेला माल हे सगळं बसलेलं असतं. कोंब रोज कापावे लागतात, उन्हाळ्याच्या तोंडावर दिवसातून दोनदा. रविवार, लग्न, पोळा असलं काही त्यांना कळत नाही. कळमन्याच्या बाजारात पोतं टाकून येण्याचा हा माल नाही, घेणारं हॉटेल किंवा दुकान आधी हातात हवं. अर्ध्या एकराला साधारण ३,००० रोपं लागतील आणि पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न शून्य. त्यापेक्षा दोन गुंठ्यांत ३०० रोपं लावा. उत्पन्न सुरू होईपर्यंत संत्र्याच्या पैशावर अ‍ॅस्परॅगस पोसायचं, हे घरात आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आमच्या झाडांचं हे दुसरं वर्ष आहे. कोंब अगदी काडीएवढे बारीक येतात. हे म्हणतात, सगळे कापून टाक म्हणजे जाड येतील. कापू का? (एक गृहिणी, मनीषनगर)

त्यांना जरा दम धरायला सांगा. कोंबाची जाडी जमिनीखालीच ठरलेली असते. बारीक निघालेला कोंब आठवडाभर ठेवला तरी उंच होईल, जाड होणार नाही. जाड कोंब हवे तर मुळांत साठा हवा, आणि साठा तयार करतो तो वरचा हिरवा पिसारा. तुम्ही तोच कापायला निघालात.

या वर्षी एकही कोंब काढू नका. पुढच्या वर्षी दोन-तीन आठवडे काढा. त्यानंतर पुस्तकं सहा ते आठ आठवडे सांगतात, पण ती थंड मुलखाची. माझा हिशेब असा, की घरात कुलर लागला की अ‍ॅस्परॅगसची सुरी ठेवून द्यायची. त्याआधीही बहुतेक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले तर लगेच थांबा, झाडाची शिल्लक संपत आलेली असते. मग पावसाळाभर पिसारा वाढू द्या. तो वाऱ्याने आडवा होतो, दोन्ही बाजूंनी दोरी बांधली की उभा राहतो.

काढायचा कोंब १८ ते २० सेंटीमीटर उंच, टोक घट्ट मिटलेलं. टोकावरचे खवले सुटे दिसू लागले की उंचीची वाट बघू नका. पहाटे कापा. हाताने वाकवून मोडला तरी चालतो, जिथे कोवळा भाग संपतो तिथे तो स्वतःच मोडतो. सुरी मातीत खुपसून कापणार असाल तर शेजारी मातीत दडलेले पुढचे डोळे सांभाळा.

बारीक कोंब कोवळा आणि जाड कोंब जून, हा समजही काढून टाका. बारीक कोंबात गरापेक्षा सालच जास्त भरते. आणखी एक, बियांच्या झाडांत निम्मे नर आणि निम्म्या माद्या निघतात. मादीचे कोंब संख्येने कमी पण जाड असतात, नराचे जास्त. पावसाळ्यात बारीक, हिरवट-पांढरी, घंटेच्या आकाराची फुलं येतील. त्यानंतर लाल फळं धरतात ती मादी. व्यापारी लागवडीत त्यामुळेच फक्त नरांच्या जाती निघाल्या आहेत. घरच्या वाफ्यात दोन्ही राहू द्या, मात्र फळं पिकून गळायच्या आत तोडा, नाहीतर वाफाभर फुकटची रोपं होतात.

प्रश्न : अंगणात शतावरीचा वेल आहे आणि गॅलरीत टांगलेल्या कुंडीत बारीक पानांचं फर्नसारखं झाड आहे. नर्सरीवाला त्यालाही अ‍ॅस्परॅगस म्हणाला. यांचे कोंब खाल्ले तर? (एक वाचक, महाल)

खायचं अ‍ॅस्परॅगस, शतावरी आणि तुमच्या कुंडीतलं झाड, तिन्ही एकाच वंशातली आहेत, पण सगळीच ताटातली नाहीत. शतावरी काटेरी वेल, तिच्या मुळांचा झुपका औषधात जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचे कोवळे कोंब काही भागांत रानभाजी म्हणून खातात, किंचित कडसर असतात. खात्रीची शतावरी असेल तर एखाद-दोन कोंब खाऊन बघायला हरकत नाही, पण वेलच बोडका करू नका. टांगलेल्या कुंडीतलं झाड दक्षिण आफ्रिकेकडचं, फक्त शोभेचं. त्याची लाल फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात आणि रसाने काहींच्या अंगावर पुरळ येतं. घरात रांगतं मूल असेल तर ती कुंडी उंच टांगा. खायच्या अ‍ॅस्परॅगसचीही लाल फळं खायची नसतात.

प्रश्न : मोबाइलवर पाहिलं की अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यात मीठ टाकलं की तण येत नाही. खरं का? (एक वाचक, हुडकेश्वर)

खरं आहे आणि करायचं नाही. हे झाड मीठ सहन करतं, बरंचसं तण करत नाही, म्हणून जुन्या काळी परदेशांत तसं करत. आपल्या चिकण काळ्या मातीत सोडियम गेलं की तिची कणरचना मोडते, ओली असताना लगदा आणि वाळली की दगड. त्यात बोअरचं पाणी आधीच क्षारांचं. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) किंवा धानाचं तणस (भाताचा पेंढा) चार बोटं अंथरा, तणही दबेल आणि ओलही राहील. पावसाळ्यात बुंध्याजवळचं तेवढं बाजूला सारा.

प्रश्न : हौसेने महागाची जुडी आणली. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली, तिसऱ्या दिवशी टोकं चिकट आणि बुडखे लाकडासारखे. साठवायची कशी? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

दोष तुमच्याच फ्रिजचा असेल असं नाही, बरंच नुकसान दुकानातच झालेलं असतं. भाज्यांमध्ये ज्यांचा श्वासोच्छ्वास सगळ्यात जोरात चालतो त्यांत अ‍ॅस्परॅगस आहे. कापल्यावरही तो कोंब वाढायच्या नादात असतो. स्वतःची साखर जाळतो, बुडख्याकडून वर वर दोर धरत जातो. कापलेले कोंब ट्रेमध्ये आडवे ठेवून बघा, दुसऱ्या दिवशी टोकं वर वळलेली दिसतात. उष्णता जितकी जास्त तितका हा सगळा खेळ वेगात, आणि आपल्याकडे मार्चमध्येच बाजारात दुपारी काय हवा असते ते तुम्ही जाणताच.

म्हणून निवडताना टोक बोटांत धरून बघा, घट्ट आणि कोरडं हवं. बुडखा पाहा, सुकून पांढरा आणि सुरकुतलेला नको. दोन कोंब एकमेकांवर घासले तर ताज्यांचा करकर आवाज येतो. दुकानदार बघत असला तरी घासा, पैसे आपले जाणार आहेत.

घरी आणल्या आणल्या रबर काढा. जुडी बांधलेलीच राहिली की मधले कोंब दमटपणाने आधी सडतात. बुडखा बोटभर कापा आणि सांबार (कोथिंबीर) ग्लासात उभा ठेवतो तसे हे कोंब दोन बोटं पाणी घातलेल्या बरणीत उभे करा. वरून प्लास्टिकची पिशवी सैल घाला आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर मागच्या बाजूला ठेवा, दाराच्या कप्प्यात नको. पाणी एक दिवसाआड बदला. टोकं ओली करू नका, तो चिकटपणा तिथूनच सुरू होतो. सफरचंद, पिकलेली केळी, टमाटे शेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कोंब लवकर दोरट होतात. असे आठवडाभर राहतात, चव मात्र पहिल्या तीन-चार दिवसांची. शीतगृहात शून्य ते दोन अंशांवर आणि भरपूर आर्द्रतेत दोन-तीन आठवडे टिकतात, घरच्या फ्रिजकडून ती अपेक्षा ठेवू नका. घरच्या वाफ्यातले असतील तर पहाटे कापून लगेच पाच-दहा मिनिटं गार पाण्यात बुडवा, निथळा आणि मग उभे करा.

जास्तच असतील तर गोठवा. उकळत्या पाण्यात बारीक कोंब दोन मिनिटं, मध्यम तीन, जाड चार, आणि तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. पूर्ण पुसून, ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भरा. काही महिने छान राहतात, पण सुटल्यावर मऊ पडतात, त्यांचं सूपच करा. वाफवलेले कोंब तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आंबट नसलेल्या भाजीवर हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात आणि वासाने ते कळत नाही.

आणि शिजवाल तेव्हा मोहरी, ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची, मोठी आच, तीन मिनिटं. झाकण ठेवू नका, रंग जातो. जाड बुडख्यांची साल सोलाण्याने काढली तर बरंच वाचतं.

प्रश्न : मुलाने अ‍ॅस्परॅगस आणलं होतं. खाल्ल्यावर तासाभरात लघवीला विचित्र उग्र वास आला. सौ. म्हणते, मला काहीच वास नाही, तुमचे भास. वय ७१. घाबरण्यासारखं आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, रामदासपेठ)

घाबरू नका काका. अ‍ॅस्परॅगसमध्ये गंधक असलेलं एक आम्ल असतं, ते शरीरात मोडलं की उडून जाणारे गंधकाचे पदार्थ तयार होतात आणि तोच वास येतो. अर्ध्या तासातही येऊ शकतो आणि काही तासांत जातो. बऱ्याच जणांच्या नाकाला तो जन्मतःच कळत नाही, काकू त्यांतल्या असणार, त्यामुळे तुम्ही दोघंही खरं बोलताय. कोंब न खाताही दोन दिवसांनी वास तसाच राहिला किंवा जळजळ असली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर एकदम वाटीभर खाऊ नका, यात के जीवनसत्त्व असतं. किती चालेल ते त्यांनाच विचारा.